अडगळीतला नांगर

दिवाळी झाल्यावर मळ्यातल्या घराची अडगळ काढायला घेतली. बैल गेले, ट्रॅक्टर आला, त्यालाही कितीतरी वर्षं झाली. पण बैलांचं सामान काही गोठ्यातून हललं नव्हतं. जू, शिवळा, मोडकी कुरी, कुळवाची फास, पायली-शेराची मापं आणि सगळ्यांच्या खाली गंजलेला लोखंडी नांगर. भंगारवाल्यानं एकदाच नजर फिरवली आणि किलोचा भाव सांगितला. सासूबाई कट्ट्यावरून म्हणाल्या, "बाकीचं ने म्हणावं, नांगर तेवढा असू दे. मामंजींनी तो जुनाच घेतला होता. नव्याला पैसे कुठले आणायचे?"

जुना का होईना, लोखंडी नांगर दारात येणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. त्याची सुरुवात आपल्या बेळगावातच झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथं सायकलींचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर. नांगर झाला, पण घेणार कोण? लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

आज आपण हसतो. पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघूया. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा, फाळ लोहार शेवटायचा. दोघांना सुगीत बलुतं घातलं की झालं, रोख पैशाचं काम नाही. लोखंडी नांगराला रोकड मोजायची, भाग मोडला तर शहर गाठायचं, आणि हे सगळं कशावर करून बघायचं, तर पोट ज्यावर आहे त्या जमिनीवर! बिचकले तर नवल काय? पण लाकडी नांगर माती नुसती उकरायचा, लोखंडी नांगर ती उलथून टाकायचा. हराळी-कुंद्याची मुळं उन्हात पडलेली लोकांनी डोळ्यांनी बघितली, तेव्हा कुठं विश्वास बसला.

पुढं बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हे नांगर खेड्यापाड्यांत पोचवणाऱ्यांत आपल्या समाजातला एक माणूस होता. कुंभोजचे भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. १९१९ साली काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात पोरांना धान्य नव्हतं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. वहिनी म्हणायची पोरं त्यांना.

अडगळीच्या ढिगाऱ्यात बसून मला त्यांचीच आठवण येत होती. बाईला सोडायला सगळ्यात अवघड ते त्यांनी सोडलं, आणि माझ्या हातून पत्र्याचा गळका डबासुद्धा सुटत नव्हता! आपल्या परिग्रह-परिमाण व्रतात शेत, घर, धन, धान्य यांच्याबरोबर भांड्याकुंड्यांचीही मर्यादा सांगितली आहे. आपण सोन्याची मर्यादा लक्षात ठेवतो, माळ्यावरच्या पसाऱ्याची विसरतो.

"एवढा जड नांगर आपले बैल ओढायचे?" मी सासूबाईंना विचारलं.

"आपले एकटे कसे ओढतील गं? दोन-तीन जोड्या लागायच्या. एका घरात एवढे बैल कुठले? पैरा करायचा. आज तुमच्यात, उद्या आमच्यात. नांगर आपला, पण सगळी गल्ली मागून न्यायची."

म्हणजे घरात सगळ्यांत मोठी वस्तू हीच आणि ती कधी एकट्या घराची नव्हतीच.

मग वाटणी सोपी झाली. कुरी शेजारच्यांना दिली, त्यांच्याकडं अजून बैल आहेत. मापं मी ठेवली. डबे, पत्रे, तारा भंगारात घातल्या. भंगारवाल्याच्या गाडीवर दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला एक कंदील होता, काच शाबूत. घासाघीस करून तो मी पन्नास रुपयांना घेतला. अडगळ काढायला गेलेली बाई अडगळ घेऊन आली, म्हणून घरात सगळे हसले. हसू देत. रात्री दिवे जातात तेव्हा तोच लावतो.

नांगर राहिला होता. गावातल्या हायस्कूलचे सर आले आणि म्हणाले, मुलांना नांगर कसा असतो ते दाखवायला हवा होता. मी सासूबाईंकडं बघितलं.

"न्या की," त्या म्हणाल्या. "मागून न्यायची सवयच आहे त्याला."