नारू : एका रोगनामाचा इतिहास आणि रोगकारणाचा शोध

बार्शीचा परिसर सोलापूर जिल्ह्याच्या ज्या अवर्षणग्रस्त टापूत मोडतो, त्या टापूत विहीर ही पुष्कळदा पायऱ्या उतरून जाण्याची जागा असे. घागर बुडवणारा माणूस घोट्यापर्यंत, कधी पोटरीपर्यंत त्याच पाण्यात उभा राही. नारू या रोगाची सारी वाटचाल या शेवटच्या ओल्या पायरीवर घडत होती. असे असता तिचा उलगडा होण्यास विसावे शतक का उजाडावे लागले, या प्रश्नाचा विचार करताना रोगाच्या नावाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

मोल्सवर्थच्या कोशात ‘नारू’ हा शब्द याच रोगाच्या अर्थाने नोंदलेला आहे. त्याचे मूळ मात्र कृमिवाचक नाही. संस्कृत ‘स्नायु’ या शब्दाशी संबद्ध असे पालि ‘नहारु’ व प्राकृत ‘ण्हारु’ हे शब्द शरीरातील स्नायुतंतूचे वाचक आहेत. आद्य ‘स्न’चा प्राकृतात ‘ण्ह’ होतो. ‘स्नान’वरून ‘न्हाण’ झाले ते याच नियमाने. मराठी ‘न्हाण’मध्ये महाप्राणत्व टिकले, ‘नारू’त ते लोपले, हिंदी ‘नहारू’त ते अद्याप ऐकू येते. ‘य’च्या जागी दिसणारा ‘र’ पालीइतका जुना आहे, म्हणून तो मराठीच्या माथी मारता येत नाही. अर्थाचा संकोच अधिक लक्षणीय आहे. मूळ शरीरावयवाचा अर्थ मराठीत पार नाहीसा झाला आणि शब्द केवळ रोगापुरता उरला. संस्कृत वैद्यकातही वृंदाच्या ‘सिद्धयोगा’त या रोगास ‘स्नायुक’ असेच नाव आहे. हातापायांवर विसर्पासारखी सूज येते, ती फुटते, आणि व्रणातून पांढरा तंतू बाहेर पडू लागतो. तो तुटल्यास विकार बळावतो, असे त्याचे वर्णन आहे. तंतू काडीवर गुंडाळून दिवसेंदिवस थोडा थोडा ओढून काढण्याचा लौकिक उपाय या अनुभवाशी पूर्णपणे जुळतो.

इतर भाषांची साक्षही अशीच आहे. अरबी वैद्यकात या रोगास ‘मदिनेची शीर’ म्हणत. फारसीत त्याचे नाव ‘रिश्ता’, म्हणजे धागा. शीर, धागा, स्नायू ही तिन्ही नावे बाहेर येताना जे दिसले त्याची आहेत. दृष्टी पायावर खिळली, आणि जे पायातून बाहेर येते ते पायातूनच आत गेले असावे, हा तर्क ओघानेच आला. नावाने हा भ्रम निर्माण केला असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. ज्या निरीक्षणातून नाव जन्मले त्यातूनच भ्रमही जन्मला, एवढेच म्हणावे.

या भ्रमातून शास्त्रज्ञही सुटले नाहीत. मुंबईत हेन्री जॉन कार्टर यांनी 1850 च्या दशकात तलावांच्या गाळातील सूक्ष्म कृमींचा कसून अभ्यास केला. एका तळ्यात आंघोळ करणाऱ्या शाळेतील 50 मुलांपैकी 21 जणांना नारू झाल्याची त्यांची नोंद प्रसिद्ध आहे. पाण्याशी असलेला संबंध त्यांनी अचूक हेरला. परंतु गाळातील स्वतंत्र जातीचे कृमी तेच नारूचे पूर्वरूप समजून ते त्वचेवाटे शिरत असावेत, असे त्यांनी मानले. त्या मुलांच्या पोटात तळ्याचे पाणीही जात असणार, याला त्या तर्कात स्थान नव्हते. पुढे 1870 च्या सुमारास रशियन संशोधक फेदचेन्को यांनी तुर्कस्तानात नारूच्या अळ्या ‘सायक्लोप्स’ नामक सूक्ष्म जलचराच्या शरीरात शिरून वाढतात हे दाखविले, आणि शोधाची दिशा त्वचेकडून मुखाकडे वळली. लायपर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असे सायक्लोप्स माकडास खाऊ घालून संसर्ग घडविला. राहिला होता माणूस. तो प्रयोग 1910 च्या दशकात परळच्या बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरीतील (पुढे 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट) डॉ. डी. ए. तर्खड यांनी केला. बाधित सायक्लोप्स गिळलेल्या माणसास नारू होतो हे सिद्ध झाले. लिस्टन यांच्यासमवेत ते या विषयावर काम करीत होते. या कार्याचा मराठीत व्हावा तितका उल्लेख होत नाही.

आता पायरीचा अर्थ लागला. पोटात गेलेला कृमी सुमारे वर्षभर वाढतो, मादी जवळजवळ हातभर ते मीटरभर लांब होते, आणि फोड पाण्यास लागताच सहस्रावधी अळ्या सोडते. त्या सायक्लोप्स गिळतो, आणि तो सायक्लोप्स पुढची घागर भरणाऱ्याच्या घरी जातो. रोगावर ना लस होती, ना कृमी मारणारे औषध. मात्र सायक्लोप्स दुहेरी फडक्यात अडकतो. पाणी गाळून पिण्याची जुनी रीत निराळ्या हेतूंनी पाळली जात असली, तरी तिने काही घरांचे रक्षण केले असले पाहिजे.

निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1980 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली. पायविहिरींचे रूपांतर वरून पाणी ओढण्याच्या विहिरींत करणे, पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लोप्स मारणे, रुग्णास पाण्यात उतरू न देणे, ही तिची साधने होती. त्यापूर्वीच, 1972 च्या दुष्काळानंतर, विंधनविहिरी व हातपंप खेडोपाडी पोहोचू लागले होते. देशभर पसरलेला ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप ज्या नमुन्यावरून विकसित झाला, तो ‘सोलापूर पंप’ याच जिल्ह्यातला. त्याच्यापाशी पाणी भरणाऱ्यास पाय बुडविण्याचे कारणच उरले नाही. भारतातील शेवटचा रुग्ण 1996 च्या जुलैत राजस्थानात आढळला, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.