संत फ्रान्सिस झेवियर यांचे खरे-खोटे सोबती

ज्युबिलीच्या या स्मरणिकेकरिता इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, अशी मंडळींनी मला सूचना केली, तेव्हा आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका संताचे चरित्र मी निवडले. परंतु त्यांचे चमत्कार अथवा त्यांनी दिलेले बाप्तिस्मे सांगण्याकरिता नव्हे. ती हकीकत आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्याच आहेत. संत फ्रान्सिस झेवियर यांना आयुष्यात सोबती कोण कोण लाभले, त्यांपैकी खरे कोण निघाले व खोटे कोण, आणि हा भेद ओळखण्यास त्यांना स्वतःला किती अवधी लागला, एवढाच भाग येथे पाहावयाचा आहे. आपली मुले विद्येसाठी व नोकरीसाठी घर सोडून परक्या शहरात राहतात. ती कोणाच्या पंक्तीला बसतात व कोणाबरोबर हिंडतात, हे आईबापांस पुष्कळदा ठाऊक नसते. फ्रान्सिसच्या आईसही ते ठाऊक नव्हते.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नावार प्रांतातील झेवियर नावाच्या गढीत झाला. वडील राजाच्या दरबारी मोठे अधिकारी होते. पण ते १५१५ साली वारले, आणि पुढील वर्षी कॅस्टिलच्या सत्ताधाऱ्यांनी त्या गढीचे बुरूज पाडून टाकले. वडील भाऊ नावारच्या जुन्या राजाच्या पक्षाने लढत होते. १५२१ साली पांप्लोना शहराच्या वेढ्यात कॅस्टिलच्या बाजूने लढणाऱ्या एका सरदाराचा पाय तोफेच्या गोळ्याने मोडला. त्या सरदाराचे नाव इग्नेशस लोयोला. म्हणजे ज्याने पुढे फ्रान्सिसचे अंतःकरण जिंकावयाचे होते, तो माणूस त्यांच्या घराण्याच्या दृष्टीने शत्रुपक्षाचा होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

एकोणीस वर्षांचे फ्रान्सिस १५२५ साली पॅरिसला गेले व सेंट बार्ब कॉलेजात राहू लागले. तेथे त्यांच्या खोलीत पीटर फेव्हर नावाचा त्यांच्याच वयाचा विद्यार्थी होता. तो सव्हॉय प्रांतातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी मेंढरे राखलेला, स्वभावाने भित्रा व सौम्य. एका खोलीत एक उमरावाचा पुत्र व एक मेंढपाळाचा पुत्र! पण पॅरिसमध्ये फ्रान्सिस यांचा वेळ केवळ फेव्हरच्या सहवासात जात नसे. कॉलेजातील एक शिक्षक रात्री विद्यार्थ्यांना सोबत घेऊन शहरातील वाईट वस्तीत जात असे, आणि फ्रान्सिस यांनाही त्या टोळीत ओढीत असे. हा मनुष्य विद्वान, बोलका व खर्चिक होता. मुलांना तो आवडे. फ्रान्सिस त्या पापात पडले नाहीत. मात्र ते आपल्या सद्गुणामुळे नव्हे, तर त्या शिक्षकाच्या व काही सोबत्यांच्या अंगावर फुटलेला रोग पाहून आपल्याला भीती वाटली म्हणून, असे त्यांनी स्वतःच पुष्कळ वर्षांनी मैलापूरच्या व्हिकाराला सांगितले. तो शिक्षक त्याच रोगाने मेला. स्वतःच्या तारुण्याविषयी इतके निष्कपट बोलणारे संत थोडे. आपण मात्र त्यांच्या पुतळ्यास हार घालताना त्यांना जन्मतःच पवित्र समजतो.

१५२९ साली त्या खोलीत तिसरा सोबती आला. वय अडतीस, पाय किंचित लंगडा, अंगावर साधे कपडे, खर्चाचे पैसे भिक्षा मागून आणलेले. हाच तो पांप्लोनाचा जखमी सरदार. तो आता मुलांच्या रांगेत बसून विद्या शिकत होता, आणि फेव्हर त्याला तत्त्वज्ञानाचे पाठ समजावून देत असे. फेव्हरचे मन इग्नेशसकडे लवकर वळले. फ्रान्सिस मात्र त्याची टर उडवीत. त्यांना पांप्लोनाच्या कॅथीड्रलमध्ये कॅननची मानाची जागा हवी होती, व त्याकरिता आपल्या कुलीनतेचा दाखला मिळविण्याची खटपट त्यांनी १५३१ साली सुरू केली होती. अशा तरुणाला भिक्षेकरी मित्र काय कामाचा?

इग्नेशसने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्याने प्रवचन केले नाही. फ्रान्सिस १५३० साली मास्टर होऊन दुसऱ्या एका कॉलेजात शिकवू लागले, तेव्हा इग्नेशस त्यांच्या वर्गासाठी विद्यार्थी मिळवून देई. हात आखडला तर भिक्षेच्या पैशांतून मदत करी. फ्रान्सिस यांना जे हवे होते, तेच त्याने प्रथम दिले. आणि मग, परंपरा सांगते त्याप्रमाणे, संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील प्रभूचा तो प्रश्न पुनःपुन्हा त्यांच्या कानी घातला: सारे जग हाती आले, पण आत्मा गमावला, तर लाभ कोणता? येथे पैसे देणारे मित्र तर दोन्ही बाजूंस होते. तो रात्रीचा शिक्षकही खर्च करीत असे. तेव्हा केवळ उदारपणावरून मित्राची पारख होत नाही. एकाने मुलाला जे आवडे तेवढेच दिले. दुसऱ्याने आवडीचे देऊन झाल्यावर नावडते, पण हिताचे, तेही सांगण्याचे धैर्य केले, आणि ते सांगून मैत्री तुटेल हा धोका पत्करला. फ्रान्सिस यांचे मन वळण्यास काही वर्षे लागली. आपल्या हाती आलेल्या कणकेत ही कणीक मळावयास सर्वांत कठीण होती, असे इग्नेशस पुढे म्हणत, अशी आठवण सांगितली जाते.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाला, मोंमार्त्रच्या टेकडीवरील लहान प्रार्थनामंदिरात सात सोबत्यांनी दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले व यरुशलेमला जाण्याचा संकल्प केला. पवित्र मिस्सा फेव्हर यांनी अर्पिला. सातांत तेव्हा तेच एक गुरू होते.

यानंतरच्या वर्षी, २५ मार्च १५३५ रोजी, फ्रान्सिस यांनी पॅरिसहून आपले बंधू हुआन यांस एक पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे, आणि माझ्या मते तरुणांच्या आईबापांनी वाचावे असे त्यांच्या पत्रांत दुसरे नाही. झाले असे की, कोणीतरी 'हितचिंतक' होऊन फ्रान्सिस यांच्याविषयी भलत्यासलत्या गोष्टी भावाच्या कानी घातल्या होत्या. गावाकडे अशी बातमी पोहोचविणारे लोक तेव्हाही होते. फ्रान्सिस उत्तरात लिहितात की, इग्नेशस यांचे ऋण आपल्याला जन्मभर फिटणार नाही. पैशाची व माणसांची मदत त्यांनी केली, पण त्याहून मोठे हे की, ज्यांना आपण अननुभवामुळे ओळखू शकलो नाही अशा वाईट सोबत्यांपासून त्यांनी आपल्याला दूर केले. ती माणसे बाहेरून भली दिसत, व आत निराळीच होती. या वेळी पॅरिसमध्ये धर्ममतांचा मोठा गोंधळ चालू होता. १५३३ साली विद्यापीठाचा रेक्टर निकोलस कॉप याला आपल्या भाषणामुळे पळून जावे लागले होते, व १५३४ च्या ऑक्टोबरात मिस्साविरुद्ध भित्तिपत्रके लागली होती. फ्रान्सिस यांचा रोख अशा मंडळींवर आहे. आज आपले प्रॉटेस्टंट बांधवांशी स्नेहाचे संबंध आहेत, म्हणून त्या काळची कठोर भाषा त्या काळापुरती समजावी. परंतु मुख्य मुद्दा मतभेदाचा नाही. मुखाने एक व मनात दुसरे ठेवणाऱ्या माणसास तरुण वयात ओळखता येत नाही, हे एका अत्यंत बुद्धिमान तरुणाने आपल्या थोरल्या भावास प्रामाणिकपणे कळविले आहे. आणखी गंमत अशी की, ते पत्र इग्नेशस स्वतः घेऊन गेले. शत्रुपक्षाच्या सरदाराला आपलाच समजून त्याचे ऐका, अशी विनंती त्यात होती.

याच वेळचा एक निराळा मासला मिगेल लांदिवार याचा. हा फ्रान्सिस यांच्या आश्रयाने राहणारा गरीब विद्यार्थी. आपला धनी इग्नेशसच्या नादी लागला याचा त्याला इतका मत्सर वाटला की, तो सुरा घेऊन इग्नेशसच्या जीवावर उठला होता, असे जुने चरित्रकार लिहितात. पुढे त्याने पश्चात्ताप दाखविला, संघात शिरण्याची इच्छा धरली, आणि १५३८ साली रोममध्ये त्यानेच सर्व सोबत्यांवर पाखंडाचा आरोप केला. चौकशीत तो खोटा ठरून त्याला शहराबाहेर घालविण्यात आले, व १८ नोव्हेंबर १५३८ रोजी सोबत्यांच्या निर्दोषत्वाचा निवाडा झाला. लांदिवारचे फ्रान्सिसवर प्रेम नव्हते, असे मला म्हणवत नाही. पण त्याला मित्र स्वतःपाशी ठेवावयाचा होता. इग्नेशसने मात्र १५४० च्या मार्चात, दुसरा सोबती आजारी पडला म्हणून, एका दिवसाच्या सूचनेवर आपल्या अत्यंत प्रिय मित्राला रोमहून हिंदुस्थानच्या वाटेवर रवाना केले. ते दोघे या जगात पुन्हा भेटले नाहीत.

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस गोव्यास उतरले. आपल्या बाजूस ते येऊन गेले, १५४८ साली वसईस गव्हर्नरांची त्यांनी भेट घेतली, हे आपण जाणतोच. पोर्तुगीज अंमलदारांशी त्यांचा रोजचा संबंध येई, व त्यांविषयी त्यांचा अनुभव कडू होता. १५४५ च्या जानेवारीत कोचीनहून त्यांनी लिस्बनला सिमोन रोद्रिगिश यांस लिहिले की, तुमच्या कोणाही मित्राला राजाची नोकरी घेऊन इकडे येऊ देऊ नका. येथे सर्वजण 'लुबाडणे' हे एकच क्रियापद सर्व काळांत व सर्व अर्थांत चालवितात. मित्राचा आत्मा धोक्यात पडेल अशी लाभाची जागा त्याला मिळू नये म्हणून धडपडणे, ही मैत्रीची रीत आज किती जणांस पटेल, कोण जाणे!

मासेमारीच्या किनाऱ्यावर फ्रान्सिशकु मान्सिल्याश हा त्यांचा सहकारी होता. त्याला मोलुकास बेटांवर जाण्याची आज्ञा झाली, ती त्याने मोडली, आणि १५४८ साली फ्रान्सिस यांनी त्याला संघातून काढले. हा खोटा मित्र म्हणावा काय? मी म्हणणार नाही. फ्रान्सिस यांनी त्याला लिहिलेली पत्रे त्याने जपून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला वाचावयास मिळतात. आणि त्यांच्या मृत्यूनंतर झालेल्या चौकशीत त्याने त्यांच्या पवित्रतेची साक्ष दिली. दुर्बळ मित्र आणि खोटा मित्र यांत अंतर आहे. आपण रागाच्या भरात दुर्बळालाच खोटा ठरवून मोकळे होतो, व त्याची घरची वाट बंद करतो.

खोटेपणाचा पुरा अनुभव फ्रान्सिस यांना १५५२ साली मलाक्का येथे आला. चीनच्या बादशहाकडे वकिलात न्यावयाची, व्यापारी दियोगु पेरैरा याने वकील व्हावे, व त्याच्याबरोबर फ्रान्सिस यांनी चीनमध्ये शिरावे, असे ठरले होते. पेरैराने जहाज व नजराण्यांकरिता आपले धन ओतले. मलाक्काचा कॅप्टन दों आल्व्हारु द अताईद, वास्को द गामाचा पुत्र, याच्याकरिता फ्रान्सिस यांनी व्हाइसरॉयकडे रदबदली केली होती. त्यानेच आता जहाज अडविले. एका व्यापाऱ्याला एवढा मान मिळावा हे त्याला सोसले नाही. शेवटी जहाज सुटले, पण पेरैराशिवाय. फ्रान्सिस यांनी जुलै महिन्यात सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून पेरैरास पत्र लिहून, माझ्यामुळे तुमचे नुकसान झाले, मला क्षमा करा, अशी याचना केली. पेरैराने तोंड फिरविले नाही. सांसियान बेटावर फ्रान्सिस यांना जे अन्न मिळाले, ते त्याच्याच जहाजावरील माणसांकडून, त्याच्याच सांगण्यावरून.

त्या बेटावर सोबती एक एक गळत गेले. संघातील तरुण आल्व्हारु फेरैरा भ्याला, त्याला परत पाठविले. दुभाष्याने भीतीने माघार घेतली. दोनशेहून अधिक क्रुझाद किमतीची मिरी कबूल केल्यावर कँटनला गुपचूप नेऊन पोहोचविण्याचे वचन एका चिनी व्यापाऱ्याने दिले होते. तो आलाच नाही. व्यापाऱ्यांची गलबते थंडीपूर्वी निघून गेली. उरला तो आंतोनियो, गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकलेला एक चिनी तरुण, व एक हिंदी चाकर. गवताच्या झोपडीत ताप वाढला, शुद्ध गेली, परत आली. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे आंतोनियोने त्यांच्या हाती मेणबत्ती दिली, आणि प्रभू येशूचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला. पुरावयास चार माणसे होती. पुढे अस्थी नेता याव्यात म्हणून पेटीत चुना घालण्याची दूरदृष्टी याच आंतोनियोची. मृत्यूचा सारा वृत्तांत आपल्याला त्याच्याकडूनच मिळाला आहे. २२ मार्च १५५३ रोजी देह मलाक्का बंदरात आला, तेव्हा कॅप्टनने लक्ष दिले नाही. पेरैराने सन्मानाने स्वागताची व्यवस्था केली.

फ्रान्सिस गळ्यात एक लहान डबी घालीत. सोबत्यांच्या पत्रांतून त्यांच्या हस्ताक्षरांतील नावे आपण कापून घेतली असून समाधानाकरिता जवळ बाळगतो, असे त्यांनी १० मे १५४६ रोजी आंबोयना बेटावरून कळविले होते. फेव्हर तर त्याच वर्षी १ ऑगस्टला रोममध्ये वारले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली त्यांना संत म्हणून घोषित केले. इग्नेशस यांना पत्र लिहिताना फ्रान्सिस गुडघे टेकून लिहीत. जपानहून परतल्यावर इग्नेशस यांच्या एका पत्राच्या अखेरचे प्रेमाचे शब्द वाचून आपल्याला अश्रू आवरले नाहीत, असे त्यांनी २९ जानेवारी १५५२ रोजी कोचीनहून लिहिले आहे.

इग्नेशस यांनी २८ जून १५५३ रोजी रोमहून आणखी एक पत्र धाडले. त्यात फ्रान्सिस यांनी युरोपात परत यावे, अशी आज्ञा होती. फ्रान्सिस यांस मरून तेव्हा जवळजवळ सात महिने झाले होते, आणि ही वार्ता रोमला अद्याप पोहोचली नव्हती.