अदृश्य ग्रहांचे गणित

शनी ही ग्रहमालेची सीमा होय, ही समजूत हजारो वर्षे टिकून होती. 13 मार्च 1781 रोजी विल्यम हर्शेल याने इंग्लंडमधील बाथ येथे स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतून युरेनस पाहिला आणि ती सीमा पुसली गेली. आरंभी त्याला तो धूमकेतू वाटला. पुढे जुनी टिपणे तपासता असे आढळले की, फ्लॅमस्टीडने 1690 मध्येच हा ग्रह पाहिला होता. मात्र त्याने त्याची नोंद तारा म्हणून केली होती.

अलेक्सी बुव्हार याने 1821 मध्ये युरेनसच्या गतीच्या सारण्या प्रसिद्ध केल्या. परंतु ग्रह सारणीप्रमाणे चालेना. यातून दोन शक्यता पुढे आल्या. एक तर न्यूटनचा नियम सूर्यापासून इतक्या दूर जसाच्या तसा लागू पडत नसावा, किंवा पलीकडचा एखादा अज्ञात ग्रह युरेनसला ओढत असावा. फ्रान्समध्ये ल व्हेरिए आणि इंग्लंडमध्ये ॲडम्स यांनी, एकमेकांस नकळत, दुसरी शक्यता गृहीत धरून गणित मांडले. ल व्हेरिएचे पत्र 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनच्या वेधशाळेत पोहोचले आणि त्याच रात्री गाले याला, वर्तविलेल्या स्थानापासून एका अंशाच्या आत, नेपच्यून सापडला. केंब्रिजच्या चॅलिसने तो ऑगस्टमध्येच टिपला होता, पण ओळखला नव्हता.

या यशाने गणितावरील विश्वास दुणावला. बुधाच्या कक्षेतील उपसूर्यबिंदू, ज्ञात ग्रहांच्या आकर्षणाचा हिशेब करूनही, शतकाला सुमारे 38 विकलांनी अधिक पुढे सरकतो, हे ल व्हेरिएनेच 1859 मध्ये दाखविले. विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. पण एवढा फरकही त्याला दुर्लक्षिण्याजोगा वाटला नाही. सूर्य आणि बुध यांच्या दरम्यान आणखी एक ग्रह असावा, असे त्याने अनुमान केले. लेस्कारबो नावाच्या एका डॉक्टरने तो पाहिल्याचेही कळविले आणि त्या ग्रहाला व्हल्कन हे नाव मिळाले. 1877 मध्ये ल व्हेरिए निवर्तला, तोवर त्याचा व्हल्कनवरील विश्वास ढळला नव्हता. पुढील वर्षीच्या खग्रास सूर्यग्रहणात दोघा निरीक्षकांनी तो दिसल्याचा दावा केला, परंतु त्याला पुष्टी मिळाली नाही. अखेर 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून तोच फरक, सुधारित मोजणीप्रमाणे 43 विकला, आपोआप निष्पन्न झाला. ग्रह नव्हताच, नियम अपुरा होता.

नेपच्यूनच्या पलीकडील शोधाची कथा आणखी वेगळी आहे. युरेनसच्या गतीत उरलेल्या किंचित विसंगतीवरून पर्सिव्हल लोवेल 1916 मध्ये मृत्यू येईपर्यंत नव्या ग्रहाचा शोध घेत होता. 'ज्योतिर्गणित' या ग्रंथाचे कर्ते व्यंकटेश बापूजी केतकर यांनीही 1911 मध्ये फ्रेंच ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत अशा दोन ग्रहांचे भाकीत केले. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू ही नावे दिली. ब्रह्म्याचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 39 पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे 242 वर्षे, असे त्यांचे गणित होते. 18 फेब्रुवारी 1930 रोजी लोवेलच्या वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉला छायाचित्रांच्या तुलनेतून प्लूटो गवसला. त्याचे सरासरी अंतर 39.5 पट आणि प्रदक्षिणाकाळ 248 वर्षे भरला. त्याच वर्षी केतकरांचे निधन झाले.

हा मेळ विलक्षण खरा. परंतु आकड्यांचा मेळ म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे. केतकरांचा विष्णू सापडला नाही. 1978 मध्ये प्लूटोचा उपग्रह शॅरन आढळल्यावर प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या चारशेव्या भागाहूनही कमी ठरले. युरेनसला विचलित करणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते. पुढे 1989 मध्ये व्हॉयेजर 2 या यानाने नेपच्यूनचे वस्तुमान अचूक मोजले. ते वापरून 1993 मध्ये माइल्स स्टँडिश यांनी गणित पुन्हा केले, तेव्हा ती विसंगतीच नाहीशी झाली. येथे ग्रहही नको होता आणि नवा नियमही. आधीचे वस्तुमानच चुकले होते.

2016 मध्ये दूरच्या लघुपिंडांच्या कक्षांवरून आणखी एका मोठ्या ग्रहाचे अनुमान मांडले गेले. तेव्हाही अभ्यासकांपुढे हेच प्रश्न होते: न दिसलेला ग्रह, अपुरा नियम, की वेधांतील उणीव?