तुम्ही कोण, आणि मुभा कशाची?

छोट्या कचेरीत आठ-दहा संगणक एकमेकांना जोडलेले असतात. बदलून आलेल्या लिपिक बाई आपले नाव आणि पासवर्ड टाकतात, यंत्र त्यांना आत घेते. पण हजेरीची फाइल उघडायला गेल्या की 'परवानगी नाही' असे उत्तर येते. मग पासवर्ड बदलला जातो, यंत्र बंद करून पुन्हा सुरू होते आणि शेवटी कुणीतरी वैतागून सगळ्यांना सगळे खुले करून टाकतो. तुम्ही कोण, हा एक प्रश्न आहे आणि तुम्हाला मुभा कशाची, हा दुसरा. पासवर्ड फक्त पहिल्याचे उत्तर देतो.

पासवर्ड संगणकात आला तो अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. १९६१ साली तिथे फर्नांडो कॉर्बातो यांनी एकच अवाढव्य यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था करून दाखवली. यंत्र सामायिक, पण फाइली ज्याच्या त्याच्या. म्हणून प्रत्येकाला गुप्त शब्द दिला. कुलूप नवे होते तेव्हाच त्याला चोर भेटला. १९६२मध्ये ॲलन शेर या संशोधकाला वाट्याला आलेले आठवड्याचे चार तास पुरेनात. त्यांनी पासवर्डांची फाइल छापून द्यावी असा आदेश छिद्रे पाडलेल्या कार्डावरून यंत्राला दिला आणि यंत्राने ती निमूटपणे छापली! फाइल मागणाऱ्याला ती पाहण्याचा हक्क आहे का, हे कुणी तपासलेच नाही. शेर यांनी याची कबुली दिली ती सुमारे २५ वर्षांनी. पुढे तर एकदा दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत असताना त्यांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या मजकुराऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे यानंतर हळूहळू घडत गेली. बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सने माणसांचे तीन वर्ग केले: फाइलीचा मालक, त्याचा गट आणि बाकीचे. वाचणे, लिहिणे, चालवणे या मुभाही तीनच. १९९३मध्ये आलेल्या विंडोज एनटीने प्रत्येक फाइलीला एक यादीच जोडली. कुणाला काय करता येईल याची. (परवानगी आणि मुभा हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसी-अरबीतून आले, आणि कारभाराला ते आजही पुरतात.)

लिपिक बाईंची अडचण बहुधा या यादीतच सापडते. नेटवर्कवरून उघडायच्या फोल्डरला दोन दारे असतात: एक फोल्डर इतरांना खुले करतानाचे, दुसरे डिस्कवरच्या फाइलीचे. एक सताड उघडे आणि दुसरे अर्धवट असेल, तर अर्धवटच चालते. कुठे थेट मनाई नोंदलेली असेल, तर ती सहसा मुभेवर मात करते. आणखी एक गंमत. बाईंचे नाव योग्य गटात आज दुपारी घातले, तरी यंत्र सकाळचाच कागद वाचत असते. माणूस कोणत्या गटात आहे, ही नोंद लॉगिनच्या क्षणी होते. बाहेर पडून पुन्हा आत आल्याशिवाय नवी मुभा लागू होत नाही. एवढे ठाऊक नसल्याने चांगली दुरुस्ती फसली असे समजून सगळे खुले केले जाते. मग पगारपत्रक कुणीही पुसू शकतो.

आत शिरतानाच अडले तर मात्र निराळीच चौकशी करावी. एमआयटीतच १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून केर्बेरॉस नावाची पद्धत निघाली. ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्याचे हे नाव. तिच्यात पासवर्ड तारेवरून धाडत नाहीत, मुदतीची तिकिटे मिळतात. विंडोज २०००पासून कचेऱ्यांच्या डोमेनमध्ये तीच रूढ झाली. मुदत मोजायची तर घड्याळे जुळायला हवीत. पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की सामान्यतः तिकीट नाकारले जाते. जुन्या संगणकातला रुपयाएवढा सेल संपला की त्याचे घड्याळ मागे जाते आणि अचूक पासवर्डही चालेनासा होतो. तेव्हा पासवर्ड बदलण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ आणि तारीख पाहावी. काम कदाचित त्या सेलच्या किमतीत होईल.