ओलं फडकं आणि घाटात बंद पडणारी फियाट

आजचा भाग कोकणच्या जुन्या रस्त्यावरचा.

मे महिना. मुंबईहून मालवणला निघालेली फियाट कशेडी घाट चढतेय. मागे मुलं, टपावर बोजा. अर्ध्या चढावर इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प. बॉनेट उघडतं, कुणीतरी ओलं फडकं पेट्रोल पंपावर टाकतं. अर्ध्या तासाने गाडी चालू! पुढे परशुराम घाटात परत तेच.

ही फियाट म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिथे बनणाऱ्या फियाट ११०० ला १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणू लागले. लोकांच्या तोंडी मात्र फियाटच राहिली. इंजिन १०८९ सीसीचं. परवाना राज्यात नवी गाडी मिळायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. मारुती ८०० आली तीच मुळी डिसेंबर १९८३ मध्ये. त्यामुळे हातातली गाडी वीस-वीस वर्षं चालवायची, आणि तिची दुखणीही तितकीच वर्षं सांभाळायची.

तर घाटातल्या या दुखण्याला सगळे एकच नाव द्यायचे : व्हेपर लॉक. पंप इंजिनलाच चिकटलेला, टाकी मागे. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो, वर इंजिनची धग. पेट्रोलची नळीतच वाफ होते. पंपाला वाफ धड ढकलता येत नाही, कार्बोरेटर उपाशी. पंप थंड केला की गाडी चालू. अगदी खरं आहे.

पण गंमत पुढे आहे. डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर अधू झाला असेल तर तोही तापल्यावरच दगा देतो. ठिणगी मरते, गाडी बंद. अर्ध्या तासात तोही थंड होतो, गाडी चालू! तिसरा गुन्हेगार टाकीतला गंज. चढावर पेट्रोल जास्त लागतं, गंजाचा कचरा ओढला जाऊन नळीच्या तोंडाशी बसतो. गाडी थांबली की तो खाली बसतो. परत चालू!

म्हणजे आजार तीन, लक्षण एक, आणि श्रेय दरवेळी फडक्याला. गुण खरं तर थांबण्याचा होता. म्हणूनच लोक पंप बदलत राहिले, पैसे गेले, आणि गाडी पुढच्या मे महिन्यात त्याच वळणावर उभी राहिली.

चांगला मिस्त्री म्हणूनच स्पॅनरआधी प्रश्न हातात घ्यायचा. मालवणीत विचारायचा, “गरम झाल्यावर बंद पडता, काय थंड आसताना पण?” सकाळी थंड गाडीही चढावर अडखळत असेल तर टाकी बघा. बंद पडल्याबरोबर, थंड व्हायच्या आत, ठिणगी तपासा. ठिणगी नाही, किंवा पिवळट आणि मरतुकडी आहे? मग पॉइंट बघा. ते सारखे जळत असतील तर संशय कंडेन्सरवर. ठिणगी निळी, कडक आहे? मग पेट्रोलच्या बाजूला चला.

कसालला वळून गाडी मालवणात पोचली की चौथा पाहुणा यायचा : खारा वारा. सुट्टीभर किनाऱ्याजवळ उभी राहिलेली गाडी निघताना सेल्फ मारत नाही. लोक बॅटरीला शिव्या देतात, आणि दोष निघतो इंजिन-बॉडीच्या अर्थिंग पट्टीवर चढलेल्या गंजाचा. पट्टी सोडवा, पॉलिश पेपरने घासा, आवळा. फुकटात काम.

मुंबईच्या टॅक्सीत शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. आता गाडीतला कॉम्प्युटर कोड सांगतो. पण कोड जागा दाखवतो, कारण नाही. कधी, कुठे, किती तापल्यावर, हे चालवणाऱ्यालाच माहीत असतं.

तेव्हा घरी जुनी गाडी असेल तर डॅशबोर्डात एक वही ठेवा. बंद पडली की पहिल्यांदा लिहा. फडकं नंतर.

भेटू पुढच्या भागात.