याम्बुकूच्या पाच सुया

साथीच्या रोगांचे इतिहास वाचण्याचा मला नाद आहे. त्यांतली झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोमधल्या, याम्बुकू गावची हकीकत मला सर्वांत अस्वस्थ करते. रोगी बरे व्हायला येत होते, आणि रोग तिथूनच घरी नेत होते.

बेल्जियन मिशनचे १२० खाटांचे इस्पितळ. डॉक्टर नव्हताच, सारा भार भगिनींवर. १९७६ च्या ऑगस्टअखेर मिशनच्या शाळेचे हेडमास्तर तापाने आले. हिवताप समजून क्लोरोक्विनचे इंजेक्शन दिले. ताप उतरला, पुन्हा चढला, रक्तस्राव सुरू झाला आणि ८ सप्टेंबरला ते वारले.

रोज सकाळी पाच सिरिंजा आणि पाच सुया बाहेर निघत. बाहेरचे रोगी, गरोदर बायका, खाटेवरचे रोगी, साऱ्यांना त्याच. मध्ये कोमट पाण्याच्या पातेल्यात विसळायच्या. दिवसअखेर कधी उकळायच्या, कधी नाही. आणि गोळीपेक्षा सुईवर लोकांची श्रद्धा किती, हे आपल्याकडच्या खेड्यातल्या डॉक्टरला सांगायला नको!

एकूण ३१८ रोगी, २८० मृत्यू. केवळ सुईवाटे ज्यांना लागण झाली, त्यांतला एकही वाचला नाही. सतरा सेवकांपैकी अकरा गेले, तेव्हा ३० सप्टेंबरला इस्पितळाला कुलूप लागले. आणि साथ ओसरण्यात त्या कुलपाचाच वाटा सर्वांत मोठा ठरला. गावाला कलंक नको म्हणून रोगाला दूरच्या इबोला नदीचे नाव दिले गेले.

भगिनींना दोष देणे मला जमत नाही. अशा तापाची सुरुवात हिवतापासारखीच दिसते. म्हणून आज नाव कळण्याची वाट पाहत नाहीत. रोगी कुठून आला, कोणाची शुश्रूषा केली, हे आधी विचारायचे. संशय येताच त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचे. हातमोजे, झगा, चेहऱ्यावर आवरण. सुई टोचायची तर अगदी गरजेपुरती. हिवतापाची तपासणी आणि उपचार मात्र थांबवायचे नाहीत, कारण बहुधा निघतो तोच.

हे दूर आफ्रिकेतले, असेही म्हणण्याची सोय नाही. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादच्या एका खाजगी रुग्णालयात खेड्यातली एक बाई तापाने दगावली. त्याच महिन्यात तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, परिचारिकाही गेली. क्रिमियन-काँगो ताप हे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. पुढे त्या बाईच्या गावी जाऊन तपासणाऱ्यांना गुरांच्या गोचिडांत तोच विषाणू आढळला.