मोकळ्या जागेचा इतिहास

मराठी मुद्रणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा अक्षरांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी खिळे पाडले, कोणी वळण सुधारले, कोणता छापखाना कधी निघाला याच्या नोंदी मिळतात. दोन ओळींमध्ये किंवा दोन शब्दांमध्ये जी कोरी जागा सुटते तिची दखल क्वचितच घेतली जाते. पण ती जागा आपोआप सुटत नाही. कोणीतरी ती ठरवलेली असते, आणि ठरवताना त्याच्या नजरेसमोर कोणती तरी एक लिपी असते. संगणकाच्या पडद्यावरील दोन आयकॉनमध्ये, म्हणजे फाइल-फोल्डरच्या छोट्या चित्रांमध्ये, किती अंतर असावे हा किरकोळ वाटणारा प्रश्न मला म्हणूनच मुद्रणाच्या इतिहासातला वाटतो. त्या चित्राखाली नाव असते, आणि ते नाव मराठीत असू शकते.

देवनागरीची ओळ तीन मजली असते. मधल्या मजल्यावर अक्षर, वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. रोमन लिपीसाठी तयार झालेल्या यंत्रात हे तीन मजले बसवणे हीच एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या ओतारींची मुख्य अडचण होती. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांनी मराठी खिळे घडवले. त्याच छापखान्यात लहानपणी उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. खिळ्यांच्या दोन पद्धती रुळल्या. ‘अखंड’ पद्धतीत अक्षर आणि मात्रा एकाच खिळ्यावर असत. ‘डिग्री’ पद्धतीत मात्रा-उकारांचे तुकडे वेगळे असत आणि जुळारी ते वर-खाली बसवी. दोन्हींत खरा प्रश्न जागेचा होता. बापूराव नाईक यांचा देवनागरीच्या मुद्राक्षरकलेवरील इंग्रजी ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचताना जाणवते की आपल्या लिपीच्या सुधारणेचे अनेक वाद मुळात या मजल्यांचे वाद होते.

आता पडद्याकडे वळू. कार्यालयातील टेबलाची नक्कल करणारा, कागद आणि फायली चित्रांनी दाखवणारा डेस्कटॉप बाजारात आणला तो १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकाने. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुसान केअर यांनी चौकटीच्या कागदावर ३२ बाय ३२ घरांत चित्रे रेखाटली. पुढे विंडोजमध्येही चित्राचे नेहमीचे माप ३२ ठिपके राहिले आणि दोन चित्रांमध्ये ४३ ठिपक्यांचे अंतर ठरले. या दोहोंची बेरीज ७५. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत मात्र हा आकडा उणे ११२५ असा लिहिलेला सापडतो. त्याचा उलगडा छापखान्यात होतो. इंचाचे ७२ पॉइंट, आणि पॉइंटचा विसावा भाग म्हणजे एक ‘ट्विप’. म्हणजे इंचाचे १४४० ट्विप. इंचाला ९६ ठिपके असलेल्या पडद्यावर १५ ट्विपचा एक ठिपका होतो, आणि ११२५ ला १५ ने भागले की बरोबर ७५ येतात. खिळ्यांचे माप असे पडद्यापर्यंत पोहोचले. पण त्याबरोबर रोमन अक्षरांचा अंदाजही पोहोचला.

तो अंदाज मराठीला का पुरत नाही, हे पाहायला मला पनवेलबाहेर जावे लागत नाही. पनवेलविषयीचे जुने कागद, नकाशे आणि जाहिराती यांच्या प्रती मी संगणकावर जमवतो. इथली नगरपालिका १८५२ ची. तिची महानगरपालिका झाली २०१६ मध्ये. वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण याच तालुक्यात. १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी सुरू केलेला धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखानाही इथलाच. आता ‘धूतपापेश्वर’ हा शब्द चित्राखाली लिहून पाहावा. वर मात्रा, खाली उकार, शेवटी जोडाक्षर, आणि मध्ये शब्द तोडायला जागा नाही. इंग्रजीत संबंध दाखवणारे शब्द सुटे असतात, तिथे ओळ मोडता येते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘नगरपालिकेच्या’, ‘ग्रामपंचायतींमधील’ असे शब्द अरुंद चौकटीत एकतर भलत्याच ठिकाणी तुटतात किंवा त्यांच्या जागी तीन टिंबे उरतात. ओळी दाटल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो.

यावर आपण काढलेला तोडगा सर्वांच्या परिचयाचा आहे: फाइलला रोमन लिपीत नाव द्यायचे. याची सुरुवात युनिकोडपूर्वीच्या काळात आहे. तेव्हा मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्याच जागा वापरत, त्यामुळे मजकूर मराठी दिसला तरी फाइलच्या नावात मराठी उमटत नसे. १९९१ मध्ये युनिकोड आले, आणि विंडोज २००० सोबत कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आला. आता नाव मराठीत देता येऊ लागले. तरीही सवय राहिली, कारण पडद्यावर ते नाव धड मावत नव्हते. लेखाचा मजकूर मराठी आणि त्यावरची पाटी रोमन, अशा फायली आज घरोघरी आणि कार्यालयांत आहेत. उद्याचा संशोधक कपाट उघडेल तेव्हा त्याच्या हाती आधी पाटीच लागणार आहे.

विंडोजमध्ये हे अंतर बदलण्याची सोय पूर्वी रंगरूपाच्या खिडकीत होती. विंडोज ८ पासून ती खिडकी काढली गेली. आकडा नोंदवहीत उरला, पण सामान्य माणसाच्या नजरेआड गेला. लिनक्सची कथा याहून निराळी आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये त्याचा गाभा जाहीर केला. त्यावर केडीई (१९९६) आणि ग्नोम (१९९७) असे वेगवेगळे डेस्कटॉप उभे राहिले. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपमध्ये हे अंतर एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येते: चौकटींमधील अंतर, चौकटीच्या आतील मोकळीक, आणि खालच्या नावाची रुंदी चित्राच्या किती पट असावी. सिनॅमनमध्ये आडव्या आणि उभ्या अंतरासाठी दोन सरकपट्ट्या आहेत. अर्थात इथेही सारे सुखाचे नाही. ग्नोमने २०१८ च्या ३.२८ आवृत्तीत डेस्कटॉपवरची चित्रेच काढून टाकली. पण संकेत खुला असल्यामुळे ज्यांना ती हवी होती त्यांनी जोड-कार्यक्रम लिहून परत आणली. निर्णय इथेही कोणीतरी घेतोच; फरक इतकाच की तो बदलण्याचा हक्क वापरणाऱ्याकडे राहतो.

या मोकळ्या जगात मराठीसाठीही काम झाले आहे. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुले केले, २०११ मध्ये त्यांना आणखी मोकळा परवाना दिला, आणि त्यांची देखभाल पुण्यात होत राहिली. ग्नोम आणि केडीईच्या मेनूंचे मराठी भाषांतरही झाले. मी माझ्या संगणकावर ४८ ठिपक्यांच्या चित्राखाली नावाची रुंदी अडीच पट, म्हणजे १२० ठिपके ठेवली आहे, आणि चौकटींमधील अंतर वाढवले आहे. पडद्यावर पूर्वीपेक्षा कमी चित्रे मावतात, ही त्याची किंमत. पण ‘धूतपापेश्वर’ अखंड दिसते आणि ‘कर्नाळा’चा रफार वरच्या ओळीत शिरत नाही.

जावजी दादाजींच्या पिढीने यंत्राच्या मापात लिपी कोंबली नाही. लिपीसाठी खिळ्यांची घडण बदलली. ते काम ओतारी आणि जुळाऱ्यांचे होते. आज खिळेही नाहीत आणि जुळारीही नाही. ते दोन-तीन आकडे थेट आपल्या हाती आले आहेत. ते बदलले नाहीत तर मराठी बंद पडणार नाही. आपल्या कागदांची नावे मात्र एकेक करून दुसऱ्या लिपीत जातील, आणि ती कधी गेली हे आपल्या ध्यानातही येणार नाही.